निघून गेलेले

बातमी उत्तम लिहिली होती, आणि बाईंना पहिला राग आला तो त्याचाच. शनिवारी सकाळी पावणेनऊला त्या संस्थेच्या तिसऱ्या मजल्यावर आल्या तेव्हा त्यांच्या टेबलावर वर्तमानपत्र उघडून ठेवलेलं होतं आणि समासात संचालकांनी हिरव्या शाईने लिहिलं होतं, 'अभिनंदन. हे यश तुमचंच.' मथळा होता, 'मोठ्या सरकारी रुग्णालयात थांबण्याचा वेळ निम्म्यावर'. बातमी त्यांच्याच गेल्या वर्षीच्या विद्यार्थिनीची होती. कुठलाही आकडा फळ्यावर आला की ती पोरगी हात वर करून 'कुठल्या तारखेचा?' असं विचारायची, म्हणून सगळा वर्ग तिला तारीख म्हणायचा. खांद्यावरची पिशवीही न उतरवता बाईंनी उभ्याउभ्या बातमी वाचली, उत्तरपत्रिका तपासावी तशी, ओळीखालून बोट फिरवत. विशेषण नाही. आकडा कुणी दिला ते आहे. आधी किती, आता किती, दोन्ही आहेत: एकशे अठ्ठेचाळीस मिनिटांवरून चौऱ्याहत्तर. तारखाही आहेत. 'शिकली,' असं त्यांच्या मनात आलं आणि क्षणभर बरंसुद्धा वाटलं. मग बोट चौथ्या परिच्छेदावर गेलं. 'डॉक्टरांनी तपासलेल्या सर्व रुग्णांच्या नोंदींवरून' ही सरासरी काढली आहे, असं तिथे लिहिलं होतं. बाईंचं बोट 'तपासलेल्या'वर थांबलं आणि तिथेच राहिलं. डॉक्टरांनी तपासलेल्या. म्हणजे दादा यात नाही.

दादा म्हणजे त्यांचा मोठा भाऊ. जाऊन सात आठवडे झाले होते. सोमवारी सकाळी डाव्या खांद्यात कळ येतेय म्हणून तो याच रुग्णालयात गेला, चार तास बाकावर बसला, आणि दुपारी घरी येऊन वहिनीला म्हणाला की फार गर्दी आहे, उद्या जातो. मंगळवारी बरं वाटलं म्हणून गेला नाही. बुधवारी सकाळी दाढी करताना न्हाणीघराच्या दारातच कोसळला. सात आठवडे बाईंना रडू आलं होतं, झोप उडाली होती, पण राग असा आला नव्हता, कारण राग यायला समोर कुणीतरी लागतं आणि गर्दीवर काय रागवायचं? आता ते कुणीतरी छापून आलं होतं, दोन कॉलमात, चौकटीसह. ज्यांना सगळ्यात जास्त थांबावं लागतं तेच कंटाळून, नाहीतर दुखणं सोसवेना म्हणून उठून जातात. मागे उरतात ते लवकर नंबर लागलेले. त्यांचीच सरासरी काढली तर ती कमी येणार, त्याला अक्कल कशाला लागते! दादा बाकावरून उठला आणि सरासरी सुधारली. बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली, असं म्हणतात तसं काही झालं नाही. त्यांचा जबडा आवळला गेला आणि उजव्या कानाखाली एक शीर ठणकायला लागली. पाणी प्यायला पेला उचलला तर दात काचेवर वाजले.

बाई अर्थशास्त्र शिकवायच्या, पण मुलांना नव्हे. कॉलेज सोडून त्यांना चौदा वर्षं झाली होती. वर्तमानपत्रांतली आणि वाहिन्यांवरची माणसं एका बाजूला, सरकारी खात्यांतले अधिकारी दुसऱ्या बाजूला, असा बावीस जणांचा वर्ग, आठ शनिवार. लिहिणाऱ्याला आकडा वाचता आला आणि ठरवणाऱ्याला त्याचा अर्थ कळला तर निदान ढोबळ चुका तरी टळतील, एवढ्या एका विश्वासावर त्यांनी पेन्शनीवर पाणी सोडून ही नोकरी धरली होती. लोक हसले होते. दादाही हसला होता, पण त्याचं हसणं वेगळं. तो लिफ्टचा मेकॅनिक. बंद पडलेल्या लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसांशी वरून ओरडून गप्पा मारत त्यांना शांत ठेवण्यात त्याचं आयुष्य गेलेलं. 'तुझं अर्थशास्त्र म्हणजे,' तो म्हणायचा, 'लिफ्ट बंद पडली की जिना होताच की, असं सांगणारं शास्त्र.' एकदा तो हट्टाने त्यांच्या वर्गात शेवटच्या रांगेत येऊन बसला, वहीसुद्धा आणली होती. संपल्यावर जिन्यात म्हणाला, 'बोलतेस छान. पण तुझी माणसं सगळी एकसारखी असतात गं. एक माणूस, दहा माणसं, शंभर माणसं. कुणाला खोकला नाही, कुणाला घाई नाही, कुणाला लघवीला लागत नाही.' त्या तेव्हा खूप हसल्या होत्या आणि पुढच्याच शनिवारी तो विनोद वर्गाला ऐकवून टाळ्याही घेतल्या होत्या. ते आठवून आता स्वतःचीच किळस आली. आणि दादाचाही राग आला, मेलेल्या माणसाचा, तो सगळ्यांत वाईट. बाकावरून एक फोन केला असता तर? आरोग्य खात्यातले निम्मे अधिकारी बहिणीच्या हाताखालून गेलेले. पण तो फोन करणारा नव्हता, आणि केला असता तर रांग मोडणाऱ्या ओळखीपाळखींवर वर्गात तासभर तोंडसुख घेणाऱ्या बाईंनी काय केलं असतं? केला असता. अधिकाऱ्यांना फोन हजारदा केला असता. त्या उत्तराने त्यांची चीड आणखीच वाढली.

दहाच्या तासाला नेमका पाहुणा होता तो त्या रुग्णालयाचं काम पाहणारा अधिकारी. सडपातळ, इस्त्रीचा सदरा, बोलणं नेमकं. पाच वर्षांपूर्वीच्या तुकडीत इतरांच्या बोलण्यातलं भोक हा बरोबर टोचून दाखवायचा म्हणून त्याला टाचणी म्हणत. बाईंच्या चौदा वर्षांतला सगळ्यांत हुशार विद्यार्थी. संचालकांनीच त्याला बोलावलं होतं, 'शिकलेलं कामाला कसं आलं' हे सांगायला, आणि बातमी लिहिणारी म्हणून तारखेलाही. संचालक स्वतः मागच्या खुर्चीवर हाताची घडी घालून बसले. भिंतीवरचं यंत्र गारवा कमी आणि पाणी जास्त सोडत होतं, खाली ठेवलेल्या बादलीत टपटप चालू होती. टाचणीने पडद्यावर दोन खांब दाखवले, एक उंच, एक ठेंगणा. नवी पद्धत त्याने सोप्या शब्दांत सांगितली: आदल्या दिवशी फोनवर नंबर घेणाऱ्यांना आधी तपासायचं, सकाळी दारात येऊन नंबर घेणाऱ्यांना नंतर. त्यामुळे गोंधळ कमी झाला. आता हीच पद्धत आणखी अकरा रुग्णालयांत न्यायची, सोमवारी सचिवांपुढे बैठक आहे, मंजुरी जवळजवळ झाल्यातच जमा. वर्गाने टाळ्या वाजवल्या. टाळ्यांचा आवाज बाईंना पत्र्यावर खडे पडावेत तसा लागला. दादाला फोन घेता यायचा आणि लावता यायचा, तेवढंच. नंबर घ्यायला कुठली कळ दाबायची ते त्याला माहीत नव्हतं. तो सकाळी उठून, आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून दारात गेला. आपण आलो आहोत, हे दिसलं की झालं, असं समजणाऱ्या पिढीतला.

बाई उठल्या. आपला आवाज एवढा शांत कसा, याचं त्यांनाच नवल वाटलं. त्यांनी विचारलं, नंबर किती जणांना दिले आणि तपासले किती जण? टाचणीने कागद न बघता सांगितलं की दर शंभरात एकोणसत्तर. आणि नव्या पद्धतीच्या आधी? एक्क्याण्णव. वर्गात कुणाच्या लक्षात आलं नाही. एकीने तर 'वा' असं पुटपुटून आकडा उतरवून घेतला. मग मात्र बाईंचा आवाज शांत राहिला नाही. त्या बोलत गेल्या. तुम्ही वेळ कमी केला नाही, माणसं कमी केलीत, असं म्हणाल्या. ज्यांचं थांबणं सगळ्यात लांबलं त्यांना हिशेबातून उचलून बाहेर ठेवलंत आणि उरलेल्यांची पाठ थोपटलीत. हे न कळण्याइतके तुम्ही मठ्ठ नाही, म्हणजे हे कळून केलंत. पाच वर्षांपूर्वी याच खोलीत, याच फळ्यावर मी काय शिकवलं होतं? की शिकलात ते झाकायचं कसं एवढंच? तारखेकडे वळून त्या म्हणाल्या की तू दोन्ही तारखा विचारल्यास पण शंभरातले हे मधले बावीस जण कुठे गेले ते विचारलं नाहीस. बोलता बोलता त्यांची लाळ उडाली, पुढच्या रांगेतल्या अधिकाऱ्याने वही थोडी मागे घेतली, तेही त्यांना दिसलं. खूप वर्षांनी अंगात असा जोर आला होता. कुणाला तरी समोर उभं करून झोडपण्यात एक घाणेरडं सुख असतं आणि ते त्यांच्या दंडांतून, मानेतून चढत होतं. दादाचं नाव त्यांनी काढलं नाही. तेवढं राखून ठेवलं होतं, शेवटी मारायला.

टाचणीने सगळं ऐकून घेतलं. मान खाली घातली नाही, वाद घातला नाही. बाई दम घ्यायला थांबल्या तेव्हा तो हलक्या आवाजात म्हणाला,

"बाई, मी तुम्हाला विचारलं होतं."

बादलीत टपटप चालू होती. "कधी?" बाईंनी विचारलं, आणि विचारतानाच त्यांना ठाऊक होतं की कधी. आठ महिन्यांपूर्वी, संध्याकाळी सहाच्या सुमाराला, भाजीबाजारात. एका हातात पिशवी, दुसऱ्या हाताने टोमॅटो दाबून बघताहेत, फोन कान आणि खांद्याच्या मधे धरलेला. विक्रेती ओरडून भाव सांगत होती. तो सांगत होता की वेळ मोजायला घेतोय, दारात आल्यापासून डॉक्टर भेटेपर्यंत. पण काही जण मधेच निघून जातात, त्यांचं काय करू? एवढ्या गोंगाटातही त्यांना प्रश्न चांगला वाटला होता. आणि उत्तर लगेच सुचलं, चटकन, टोमॅटोवरून नजर न काढता: त्यांच्या थांबण्याला शेवटच नाही, मग वेळ कुठून आणणार? वगळा त्यांना. पद्धतीला धरून आहे. शिवाय ते शंभरात फार तर आठ-दहा असतील, त्यांनी फरक पडत नाही. 'थँक्यू बाई, फार अडलो होतो,' असं तो म्हणाला होता. फोन ठेवल्यावर त्यांना किती बरं वाटलं होतं! एकसष्टाव्या वर्षी अजून आपली बुद्धी अशी लखलखते, दोन मिनिटांत गाठ सोडवते. त्या आनंदात त्यांनी भाव न करताच टोमॅटो घेतले होते. घरी येऊन पाहिलं तर तळचे चार सडलेले निघाले, त्याचंच त्यांना वाईट वाटलं होतं, संध्याकाळभर.

"खरं आहे," बाई म्हणाल्या.

बाईंना वाटलं, आता सांगावं की नंतर निघून जाणाऱ्यांचा आकडा शंभरात एकतीसवर गेला तेव्हा पुन्हा विचारायला हवं होतं. आणि ते खरंही होतं, त्याने विचारायलाच हवं होतं. वाक्य ओठांवर आलं. ते अगदी बिनचूक होतं, आणि त्यात स्वतःची मान अलगद सोडवून घेण्याची सोय होती, म्हणून त्यांनी ते गिळलं. मग मघाशी राखून ठेवलेलं वाक्य त्यांनी उच्चारलं, पण मारण्यासारखं त्यात आता काही उरलं नव्हतं. "त्या एकतिसात माझा भाऊ होता. सात आठवड्यांपूर्वी. त्याला वगळा असं मीच सांगितलं होतं." टाचणीने मागे हात नेऊन खुर्ची चाचपली. मागून संचालक उठले आणि घसा साफ करून म्हणाले की आपण जरा चहाची सुट्टी घेऊ या. कुणी उठलं नाही. तारखेने विचारलं, "बाई, हे छापू?" सकाळची बातमीही तिचीच होती. संचालक घाईघाईने म्हणाले की हा खाजगी प्रसंग आहे. बाई म्हणाल्या, "छाप. मी सांगितलं होतं हे पण छाप. कुठल्या तारखेला सांगितलं ते यांच्याकडून घे." आणि पिशवी उचलून त्या जिना उतरायला लागल्या. टाचणी मागोमाग आला.

दुपारी रुग्णालयाच्या नोंदणी खोलीत त्याने स्वतः कपाट उघडून त्या सोमवारचं बाड काढलं. खोली तळघरात होती, फिनेलचा आणि ओल्या पुठ्ठ्याचा वास. वरच्या मजल्यावर माणसांच्या चपलांचा आवाज सतत घासत होता, कुठेतरी एक मूल एकसुरात रडत होतं. बाईंना त्याचा राग अजूनही येत होता, आणि तो येतो आहे याची लाज वाटत होती, आणि लाजेने राग कमी होत नव्हता. दादाचं नाव एकशे त्रेचाळीसाव्या ओळीवर होतं. आला: नऊ वाजून दहा मिनिटं. पुकारलं: दोन वाजून पाच मिनिटं. पुढच्या रकान्यात कारकुनाच्या तिरप्या अक्षरात एकच शब्द, 'गैरहजर'. बाईंनी तो दोनदा वाचला. चार तास पाच मिनिटं तो त्या बाकावर हजर होता. सव्वा वाजता उठलो, असं त्याने वहिनीला सांगितलं होतं. अजून पन्नास मिनिटं बसला असता तर. पन्नास मिनिटं. रागाला आता धरायला जागाच उरली नव्हती. तो दादावर जाऊन आदळला, तिथून कारकुनावर, टाचणीवर, फोन कानाला लावून टोमॅटो दाबणाऱ्या त्या बाईवर, आणि पुन्हा दादावर. टाचणी हळूच म्हणाला की तीनदा पुकारून कुणी आलं नाही तर तसं लिहायची पद्धत आहे. 'पद्धत' हा शब्द तोंडातून गेल्यावर त्याने डोळे मिटले. मग कोरा कागद ओढून तो खाली बसला आणि पहिल्या पानापासून 'गैरहजर' मोजायला लागला. बाई शेजारी बसल्या. पाच वाजेपर्यंत दोघांनी आठ महिन्यांची बाडं काढली.

वहिनीकडे त्या तशाच गेल्या, हाताला धूळ घेऊन. वहिनी गॅलरीत कपडे घडी करत होती. लग्न होऊन आली तेव्हा बाई शाळेत होत्या. पंचेचाळीसहून जास्त वर्षं दोघी एकमेकींना ओळखत होत्या, आणि दादा गेल्यापासून वहिनी रोज संध्याकाळी त्यांना फोन करून जेवलीस का एवढंच विचारायची. बाईंनी सगळं सांगितलं, क्रमाने, काही न गाळता, पन्नास मिनिटंसुद्धा. सांगताना त्यांच्या लक्षात आलं की आपण वर्गात बोलतो तशा बोलतोय, आणि तरी त्यांना दुसऱ्या कुठल्या आवाजात बोलता येईना. वहिनीच्या हातातला टॉवेल घडी होऊन, उलगडून, पुन्हा घडी झाला.

"तो फोन आला तेव्हा तू काय करत होतीस?" तिने विचारलं.

"भाजी घेत होते."

वहिनीने टॉवेलची घडी दाबून बसवली. मग म्हणाली, "मला वाटायचं, त्यांनाच थांबायला धीर नव्हता. सात आठवडे मी त्यांच्यावरच चिडले होते. फोटोशीसुद्धा धड बोलले नाही." टॉवेल तिने बाजूला ठेवला. "आता तू जा. आज मला तुझं तोंड बघायचं नाही." बाई उठल्या. दाराशी चप्पल घालताना आतून आवाज आला, "सोमवारी किती वाजता आहे म्हणालीस ती बैठक?"

तारखेची बातमी रविवारी आली, सातव्या पानावर, जाहिरातीच्या खाली, पण आली. संचालकांनी फोन करून पुढच्या तुकडीबद्दल 'नंतर बोलू' असं सांगितलं. सोमवारी साडेअकराला बैठकीच्या खोलीत लांब टेबलाभोवती चौदा माणसं होती, प्रत्येकासमोर पाण्याची बाटली आणि नावाची पाटी. वहिनी भिंतीलगतच्या खुर्चीवर बसली, मांडीवर पिशवी घट्ट धरून. टाचणीने या वेळी खांब दाखवले नाहीत. त्याने महिन्याप्रमाणे निघून गेलेल्यांचा आकडा वाचला आणि सांगितलं की मोजण्यातली चूक आपली आहे, अकरा रुग्णालयांचा प्रस्ताव आपण मागे घेतो. बाई उठून म्हणाल्या की सल्ला माझा होता. सचिव त्रासले. एवढं सगळं ठरल्यावर, छापून आल्यावर आता काय, असं म्हणाले. मग भिंतीकडे बघून त्यांनी विचारलं, या कोण?

बाई सांगायला लागल्या, पण वहिनी आधीच उभी राहिली होती.

"मी गैरहजर माणसाची बायको," ती म्हणाली. "तो चार तास तुमच्याकडे हजर होता."

प्रस्ताव रद्द झाला नाही, तीन महिने पुढे ढकलला गेला. तोवर निघून गेलेल्यांचा वेगळा रकाना ठेवायचा आणि दारात येणाऱ्यांसाठी निम्मे नंबर राखायचे, असं लिहून घेतलं गेलं. बाईंना आयुष्यात पहिल्यांदाच दिसलं की निर्णय सुधारतो तेव्हा खोलीत कुणालाच आनंद होत नाही. बाहेर आल्यावर ऊन डोळ्यांवर आलं. वहिनी झपाझप पुढे चालली होती. चौकात सिग्नलला तिला थांबावं लागलं तेव्हा बाई तिच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या. वहिनी समोर बघत म्हणाली, "मला अजून राग आहे तुझा."

"मलाही," बाई म्हणाल्या.

दिवा बदलला. वहिनी रस्ता ओलांडायला लागली आणि अर्ध्यावर, गाड्या खोळंबलेल्या असताना, मागे वळून न बघता म्हणाली, "चल, उशीर झालाय. जेवायला घरीच ये."